मोजून थांबायची लाज कसली?

सिडनीतल्या आम्हा मराठी मंडळींत एक मत फार लाडाचं आहे. गणपतीचा कार्यक्रम संपून लोक हातात प्लेटा घेऊन उभे राहिले की कुणीतरी ते काढतंच : "त्यांच्याकडे शांतता कागदावर मोजून लिहिलेली असते हो. आपल्याकडे ती आतून येते." हे बोलणारे काका बहुधा नातीच्या पियानोच्या क्लासचं कौतुक सांगणाऱ्यांपैकीच असतात. ऐकणारे माना डोलावतात. एक जण कुमार गंधर्वांचं नाव घेतो, दुसरा अमीर खाँसाहेबांचं, आणि बटाटेवडा थंड व्हायच्या आत पाश्चात्त्य स्वरलिपीचा निकाल लागलेला असतो.

मी इथे मुलांना पियानो शिकवते आणि मंडळाच्या कार्यक्रमांत हार्मोनियमवर साथही करते. त्यामुळे या मताचे परिणाम काकांना दिसत नाहीत, ते मला दर आठवड्याला दिसतात. रेस्ट, म्हणजे स्वरलिपीतली गप्प राहायची खूण, आली की नात पुढच्या स्वरावर उडी मारते. का उडी मारलीस म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं : "ताई, तिथे काहीच नाहीये." हे तिला कुणी शिकवलं?

मत नीट मांडून घेऊ, म्हणजे मागाहून कुणी 'आम्ही तसं म्हणालोच नव्हतो' म्हणायला नको. पाश्चात्त्य लिपीतला रेस्ट ही रिकामी जागा; वाजवायला काही नाही, म्हणून तिथे एक खूण टाकून हिशोब पुरा केलेला. ती मोजलेली, म्हणून निर्जीव. आपला गवई मात्र वाटेल तिथे थांबतो, वाटेल तेवढा थांबतो, आणि हे थांबणं लिहिता येत नाही यातच त्याचं मोठेपण. वर एक टोमणा : पाश्चात्त्यांना शांततेचा पत्ता लागला तो १९५२ साली, जॉन केज या अमेरिकन रचनाकाराला, आणि तोही आपल्याच देशातल्या एका बाईकडे धडे घेतल्यावर.

रिकाम्या जागेपासून सुरुवात करू. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात ज्यांनी ऐकलेली नाही असे लोक जगात थोडेच असतील. तीन आखूड स्वर आणि चौथा लांब. पण १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेल्या या रचनेच्या कागदावर सर्वांत आधी स्वर नाहीच. आहे तो अर्ध्या मात्रेचा रेस्ट. दोन मात्रांच्या खंडात पहिली अर्धी मात्रा सगळे गप्प, आणि मग ते तीन स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर समेवर कुणीच नाही, उठाव समेच्या नंतर. हा रेस्ट पुसून टाका आणि पहिला स्वर थेट समेवर ठेवा. स्वर तेच राहतील, क्रम तोच राहील, पण दाराला धक्का मारून आत घुसल्यासारखी ती चाल जाऊन त्या जागी तीन स्वरांची साधी गिरकी उरेल. कितीतरी ऐकणारे तिला तसंच ऐकतात आणि गुणगुणतात. वाजवणाऱ्यांना मात्र ती अर्धी मात्रा छातीत धरून ठेवावी लागते. कंडक्टरचा हात खाली येतो तो तिच्यासाठीच. आता सांगा, तिथे 'काहीच नाहीये'?

आमच्या इथल्या मुलांना ऑस्ट्रेलियन म्युझिक एक्झामिनेशन्स बोर्डाच्या, म्हणजे एएमईबीच्या, थिअरीच्या परीक्षेत अपुरे खंड रेस्ट घालून पुरे करायला सांगतात. पालकांना हा प्रश्न केवळ बेरजेचा वाटतो. बेरीज तर त्यात आहेच, पण बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकतं, आणि गंमत तिथेच आहे. चार मात्रांच्या खंडात दुसरी आणि तिसरी मात्रा गप्प असेल, तर दोन मात्रांचा एक सलग रेस्ट लिहायचा नाही. एकेका मात्रेचे दोन लिहायचे. बेरीज दोन्हीकडे दोनच. मग हा हट्ट कशाला? कारण तिसऱ्या मात्रेवर खंडाचा मध्य आहे, तिथे वजन आहे, आणि ते वजन गप्प असलं तरी वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. तीनतालातली दोन विभागांमधली उभी रेघ गाणं थांबलंय म्हणून कुणी खोडतं का? कुठलं वजन आवाजाविना गेलं हे रेस्ट सांगतो. ज्या खुणेला इतकं बोलता येतं तिला रिकामी म्हणणं हे वाचता न येणाऱ्याने पुस्तकाला कोरं म्हणण्यासारखं आहे.

आणि गप्प बसलेला माणूस बसून काय करत असतो? द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत झांज वाजवणाऱ्याला साऱ्या सिंफनीत मिळून एकच टोला आहे, तोही शेवटच्या भागात. त्याच्या कागदावर आडव्या जाड रेघा आणि त्यांच्यावर आकडे : इतके खंड गप्प, पुढे इतके खंड गप्प. तो प्रत्येक खंड मोजत बसतो, आजूबाजूचे काय वाजवतायत ते कानात साठवत बसतो. एक खंड चुकला तर त्याचा तो एकुलता टोला हजार माणसांसमोर भलत्याच जागी पडेल. आपल्या मैफिलीत गवई थांबला की तबला आणि तानपुरा चालूच असतात, म्हणून काही जण आपल्याकडे 'खरी' शांतता नसतेच असंही म्हणतात. नसू द्या. रेस्ट तरी कुठे साऱ्या जगाला गप्प बसायला सांगतो? तो त्या एका माणसाला, त्या एका ओळीपुरता, सांगितलेला असतो. गाणारा थांबला आणि ठेका चालू राहिला, तर गाणाऱ्याच्या ओळीत रेस्टच आला. लिहा किंवा लिहू नका.

आता 'मोजलेली म्हणून निर्जीव' हा मुख्य आरोप. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याने हा आरोप करावा याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. २५ एप्रिलला, ॲन्झॅक डेच्या पहाटे, हीच मंडळी मुलांना घेऊन युद्धस्मारकापाशी उभी असतात. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतो, मग ठरलेल्या वेळेची शांतता, मग 'राउज' किंवा 'रेव्हेली'. ती शांतता घड्याळ लावून पाळलेली असते. आधी एक बिगुल, नंतर एक बिगुल, आणि मध्ये नेमका काळ. त्या वेळी कुणी शेजाऱ्याच्या कानात म्हणतं का, की काय हो ही मोजलेली शांतता, आतून येत नाही?

या शांततेमागे मेलबर्नचा एक पत्रकार आहे. एडवर्ड जॉर्ज हनी. पहिलं महायुद्ध संपल्यावर, मे १९१९ मध्ये, त्याने लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'ला पत्र लिहून युद्धबंदीच्या वर्षदिनी पाच मिनिटांच्या स्तब्धतेची मागणी केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनीही अशीच सूचना पुढे नेली आणि ११ नोव्हेंबर १९१९ ला ब्रिटिश साम्राज्यभर पहिल्यांदा स्तब्धता पाळली गेली, पण दोन मिनिटांची. पाच मिनिटं जास्त होतात असं ठरलं. म्हणजे शांतता किती, यावर विचार झाला, काटछाट झाली. पाच आणि दोन यांत फरक आहे हे त्या लोकांना कळत होतं, कारण शांततेची लांबी हा तिच्या अर्थाचाच भाग असतो. दहा सेकंद उभं राहिलं तर तो उपचार. पाच मिनिटं उभं राहिलं तर पाय दुखायला लागतात आणि मेलेल्या सैनिकांऐवजी माणूस स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करू लागतो.

योगायोग असा, की पाच मिनिटांचा हाच आकडा मालरनेही लिहून ठेवला आहे. त्याच्या दुसऱ्या सिंफनीत पहिला भाग संपल्यावर किमान पाच मिनिटं थांबावं अशी सूचना छापील प्रतीतच आहे. मालरची ती पाच मिनिटं जगभरचे कंडक्टर सर्रास कापतात. लिहिलेली शांतता इतकी निर्जीव असती तर ती पाळायला एवढी भीती का वाटावी? पहिल्या भागात एक अंत्ययात्रा होऊन गेलेली असते आणि पुढचा भाग नाचाच्या चालीचा आहे. त्या दोहोंत अंतर हवं, हे ज्याने रचना केली त्याला कळलं आणि त्याने ते मिनिटांत सांगितलं. काकांच्या मते त्याने नुसतं 'आतून येईल तेवढं थांबा' असं लिहायला हवं होतं. मग तर सगळेच पंधरा सेकंदांत पुढे गेले असते.

हायडनचं उदाहरण तर हसवणारं आहे. त्याच्या ओपस ३३ मधल्या, १७८१ च्या, दुसऱ्या चौकडीला (स्ट्रिंग क्वार्टेटला) लोक 'विनोद' म्हणूनच ओळखतात. शेवटच्या भागात चाल मध्येच तुटते, सगळे गप्प, पुन्हा तुकडा, पुन्हा गप्प. शेवटी एक लांब विराम येतो, श्रोत्यांना वाटतं झालं, टाळ्या सुरू होतात, आणि चौघे जण हळूच पहिलाच तुकडा पुन्हा वाजवून थांबतात. ते विराम हायडनने खंड मोजून लिहिलेत. आखूड ठेवले असते तर कुणी फसलं नसतं. फार लांब ठेवले असते तर लोक कोट घालून बाहेर पडले असते. मोजमाप काढलं तर विनोदच मरतो.

बरं, पाश्चात्त्य लिपीत सगळंच मोजलेलं असतं हे तरी कुठे खरं आहे? अर्धवर्तुळ आणि त्याखाली एक ठिपका, ही खूण मुलं पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच शिकतात. फर्माटा. तो स्वरावर असेल तर स्वर धरून ठेवा, रेस्टवर असेल तर शांतता धरून ठेवा. किती, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' लिहितात, तसं. बेथोवनच्या त्याच पाचव्या सिंफनीत चौथ्या लांब स्वरावर फर्माटा आहे, आणि तो किती धरायचा यावर कंडक्टरांचं आजही एकमत होत नाही. बाखच्या कोरालांत हीच खूण पदाची ओळ संपल्याची निशाणी म्हणून येते आणि तिथे थांबायचं की नुसता श्वास घ्यायचा हा वाद वेगळाच. शिवाय ओळीच्या वर दोन तिरक्या रेघा आल्या तर तिथे काळच क्षणभर तोडायचा. छोटा स्वल्पविराम आला तर दम घ्यायचा. म्हणजे मोजलेलं थांबणं वेगळं, न मोजलेलं वेगळं, श्वासाचं वेगळं, तोडण्याचं वेगळं, आणि प्रत्येकासाठी वेगळी खूण. ज्या स्वातंत्र्याचा आपण अभिमान मिरवतो त्याला त्या लिपीत स्वतंत्र जागा आहे. ती न बघता लिपीवर बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आणि आपलं? आपलं थांबणं खरंच 'वाटेल तेवढं' असतं का? कुठल्याही तबलजीला विचारा. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला बोल, दमदार असते (मध्ये दम, म्हणजे थांबा असलेली) किंवा बेदम. तीनतालात समेपासून पाच मात्रांचा बोल घ्या, शेवटी धा असलेला. पाच मात्रा बोल, एक मात्रा दम, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. झाल्या सतरा, सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, आणि शेवटचा धा तिच्यावर बसतो. आता काकांचं ऐकून त्या दोन मात्रा 'आतून' येऊ द्या. नाहीच आल्या तर धा पंधराव्या मात्रेवर पडेल आणि गवई वळून बघेल. जास्त आल्या तर समेपुढे जाईल, आणि तेव्हाही वळून बघेल. तो दम रेस्टच आहे. तो मोजलेला आहे, काटेकोर आहे, आणि त्याच्यावाचून 'वाहवा' नाही. तीच 'वाहवा' देणारे लोक नंतर वडा खाताना मोजलेल्या शांततेला नावं ठेवतात!

हाताने ताल धरताना खाली आली की टाळी न देता आपण हात बाजूला फिरवतो. काय करतो आपण? आवाज न करता काळ दाखवतो. हे काही पाश्चात्त्यांकडून आलेलं नाही. तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, देवगिरीला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या तालाध्यायात क्रियांचे दोन वर्ग आहेत : सशब्द आणि निःशब्द. ध्रुव, शम्या, ताल, सन्निपात या आवाजाच्या; आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या बिनआवाजाच्या. चारास चार. बिनआवाजाच्या काळाला त्याने चार नावं दिली, हाताच्या चार हालचाली ठरवल्या. हा मनुष्य औरंगाबादजवळच्या त्याच किल्ल्याच्या राजाच्या दरबारी होता, जिथे आमच्या शाळेच्या सहली जायच्या. 'आपल्याकडे शांतता मोजत नाहीत' म्हणणाऱ्याने आधी या आपल्याच माणसाची माफी मागावी.

कुमारजी थांबत, हे खरं. पण त्यांच्या थांबण्यातून लोक धडा काय घेतात? थांबा, मग छान वाटेल. ते थांबून परत येत तेव्हा कुठे येत, हे कुणी बघत नाही. ठेका चालू असे आणि मुखडा नेमक्या मात्रेवर येऊन बसे. खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन मात्रांमध्ये इतकी जागा असते की नवख्याला वाटतं ताल हरवला. त्यांचा हरवत नाही. ते थांबणं मोजता येतं म्हणूनच त्यांना इतकं लांब थांबता येतं. ज्याला मोजता येत नाही तो घाबरून त्या जागेत तान भरतो. हे मी साथीला बसून कैक वेळा ऐकलंय.

'शांतता लिहिता येत नाही' हाही असाच एक आवडता दावा. इथे मला आपल्याच लिपीबद्दल बोलायचं आहे. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वरापुढे आडवी रेघ येते तेव्हा स्वर तितक्या मात्रा लांबवायचा. शब्दांच्या ओळीत अवग्रह येतो तेव्हा अक्षर लांबवायचं. स्वरविस्तार लिहिताना तुकडे वेगळे दाखवायला स्वल्पविराम असतो. पण बंदिशीच्या मध्ये गळा खरोखर बंद ठेवायचा, तानपुऱ्याशिवाय काही नको, हे सांगणारी वेगळी, सगळ्यांनी मानलेली खूण नाही. लांबवणं आणि गप्प होणं बहुतेक वेळा एकाच रेघेत गुंडाळलं जातं आणि फरक गुरूच्या तोंडून कळतो. ही उणीव आहे. ती उणीव उचलून तिलाच तत्त्वज्ञानाचा शेला पांघरायचा आणि ज्यांनी फरक लिहून ठेवला त्यांना कारकून म्हणायचं, हे मला पटत नाही. भातखंड्यांनीच एवढं अफाट लिहून ठेवलं ते लिहिता येतं असं वाटलं म्हणून ना? त्यांच्या नावाने परीक्षा द्यायच्या आणि लिहिण्यालाच हिणवायचं, हा कुठला न्याय?

ज्यांना निसर्गाची शांतता लिहिता येत नाही असं वाटतं त्यांनी सिडनीच्या उत्तरेला पर्ल बीचला जावं. रॉस एडवर्ड्स हा इथला रचनाकार १९७० च्या दशकात तिथे राहायला गेला. झाडीतले किडे एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, पुन्हा सुरू होतात; आवाजाचे तुकडे असमान, मधल्या शांततेचे तुकडेही असमान. ते त्याने कानात मुरवले आणि त्याच्या संथ, ध्यानासारख्या रचनांत उतरवले. पाच ओळींच्या त्याच लिपीत, त्याच रेस्टच्या खुणांनी. किड्यांचं थांबणं कागदावर आलं, आणि आमच्या खाँसाहेबांचं येणार नाही?

उरला केज. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या आणि केजने त्यांच्याकडून भारतीय संगीत समजून घेतलं, बदल्यात त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं, हे खरंच आहे. पुढे २९ ऑगस्ट १९५२ ला वुडस्टॉकजवळ केजची रचना सादर करायला डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि त्याने एकही स्वर वाजवला नाही. पण त्या रचनेचं नाव काय? चार मिनिटं तेहतीस सेकंद. ट्यूडरच्या हाताशी स्टॉपवॉच होतं आणि त्या शांततेचे तीन भाग पाडलेले होते. मोजण्याला शह म्हणून ज्याचं नाव घेता, त्याने तर कारकुनांच्याही पुढे जाऊन सेकंद मोजले. आणि हायडन, बेथोवन, मालर यांनी तोवर काय केलं होतं, ते वर आलंच आहे.

शिवाय गीताबाई वाजवत काय, तर पखवाज. तेव्हा ज्यांना अजूनही आपल्या संगीतात शांतता मोजलेली नसते असं वाटतं, त्यांनी पखवाजाचा धमार बघावा. क धि ट धि ट, धा ऽ, ग ति ट, ति ट ता ऽ. चौदा मात्रा, सातवी आणि चौदावी बिनटोल्याच्या, दर आवर्तनात, न चुकता. 'तिथे काहीच नाहीये' म्हणून ते दोन अवग्रह काढून टाका आणि उरलेले बारा टोले घेऊन एखाद्या पखवाजियापुढे बसा. बारा मात्रा झाल्या म्हणून तो त्याला चौतालही म्हणणार नाही, आणि धमार तर नाहीच नाही.